ग्वादालुपे शिखर: सह्याद्रीचा हिशेब तिथे चालत नाही

महोदय,

परदेशातल्या डोंगरांवर लिहिताना शिखराची उंची, वाटेची लांबी आणि माथ्यावरून काय दिसते हे हमखास येते. पाणी किती न्यायचे आणि कुठून मागे फिरायचे हे मात्र क्वचितच. वाळवंटी डोंगरासाठी आधी तेच छापले पाहिजे. टेक्सासच्या पश्चिम टोकाला, चिवावा वाळवंटात, ग्वादालुपे माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात ग्वादालुपे शिखर आहे. डॅलस, ऑस्टिन, ह्यूस्टनकडून सुट्टीत तिकडे निघणाऱ्या मराठी मंडळींसाठी आणि मुलांकडे गेलेल्या त्यांच्या आईवडिलांसाठी हे पत्र.

शिखर २,६६७ मीटर उंच, राज्यातले सर्वोच्च. जाऊन-येऊन साडेतेरा किलोमीटर, चढाई सुमारे ९०० मीटर, वेळ सहा ते आठ तास. वाट आखीव आहे, दोर लागत नाही. कळसूबाई चढणाऱ्याला हे आकडे सोपे वाटतात. पण इथे वाट सुरू होते तीच जागा कळसूबाईच्या माथ्यापेक्षा शंभरेक मीटर उंच आहे. हवा विरळ आणि कोरडी, त्यामुळे नुसत्या श्वासातूनही पाणी जाते.

सह्याद्रीत घामाने शर्ट भिजला की तहान आठवते. तिथे घाम अंगावर टिकतच नाही, लगेच उडून जातो. अंग कोरडे, म्हणून पाणी पुरेसे आहे असा समज होतो आणि तिसऱ्या तासाला डोके दुखू लागते. शर्टावर मिठाचे पांढरे डाग दिसले तर घाम भरपूर गेला आहे असे समजावे. माणशी चार लिटर पाणी न्यावे, थंडीतही. वाटेत झरा नाही, गडावरचे टाके नाही, सरबताची टपरी नाही. पायथ्याला पाईन स्प्रिंग्जच्या माहिती केंद्रापाशी मिळेल ते शेवटचे पाणी. नळीच्या पाणपिशवीत किती उरले ते पाठीवर कळत नाही, म्हणून लिटर-लिटरच्या बाटल्या बऱ्या. दोन रिकाम्या झाल्या आणि माथा आला नसेल, तर तिथूनच परतायचे. हे खालीच सगळ्यांनी ठरवून घ्यावे; वर गेल्यावर कोणी ऐकत नाही.

नुसते पाणी ढोसत राहिल्यानेही रक्तातले मीठ पातळ होऊन मळमळ आणि गोंधळलेपण येऊ शकते. एका बाटलीत लिटरमागे चहाच्या चमच्याने साखरेचे सहा आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा घालावा, लिंबू चवीपुरते. खारे शेंगदाणे, चिवडा जवळ ठेवावा. उन्हात कोणी असंबद्ध बोलू लागले किंवा तोल जाऊ लागला, तर चालणे थांबवून सावली, अंगावर पाणी, वारा आणि लगेच ९११ या तातडीच्या मदतीच्या क्रमांकाला फोन. फोनला रेंज मिळेलच असे नाही, म्हणून एकट्याने जाऊ नये.

सर्वांत खडा भाग पहिल्या अडीच किलोमीटरचा. नागमोडी वळणे, सुट्टे चुनखडीचे दगड, सावली जवळपास नाही. सकाळी तो निभावतो. त्रास होतो तो दुपारी, पाय थकलेले असताना आणि बाटल्या रिकाम्या असताना पुन्हा तोच उतरायचा असतो. पुढे वाट कड्याला वळसा घालून उत्तर उतारावर जाते आणि चक्क पाईन आणि फरची झाडे लागतात. साधारण पाच किलोमीटरवर माथा आल्याचा भास होतो. तो फसवा माथा. तिथून थोडी सपाटी, लाकडी पूल आणि मग शेवटची चढण. पूल दिसेपर्यंत अर्ध्याहून जास्त पाणी संपले असेल, तर माथ्याचा मोह सोडावा.

उतरताना आपण सवयीने कारवीचा आधार घेतो. तिथे हात टाकाल तिथे लेचुगिया ही घायपाताची बुटकी जात किंवा निवडुंग असतो. लेचुगियाचे टोक जाड कापडातूनही आरपार जाते. म्हणून दोन काठ्या, फुल पँट, घोट्यापर्यंतचे बूट आणि एक चिमटा. दगडांच्या फटीत न बघता हात घालू नये, रॅटलस्नेक हे विषारी साप असतात.

ऑक्टोबर-नोव्हेंबर सर्वांत चांगला. हिवाळ्यात आणि वसंतात वाऱ्याचे झोत ताशी १३० किलोमीटरच्याही वर जातात. तसा इशारा असेल तर कड्यालगतची ती वाट चढू नये, गाडीचा कितीही प्रवास झालेला असो. जुलै ते सप्टेंबर दुपारी विजा होतात आणि माथ्यावर धातूचा त्रिकोणी स्तंभ उभा आहे. त्या दिवसांत बाराच्या आत तिथून खाली निघालेले असावे.

घड्याळाचेही एक आहे. उद्यानाची वेळ डॅलसपेक्षा एक तास मागे. फोन कधी एक वेळ दाखवतो, कधी दुसरी, म्हणून मनगटावरचे घड्याळ लावून घ्यावे. नोव्हेंबरअखेर तिथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. सकाळी सातला पाऊल उचलावे आणि डोक्याला लावायची बॅटरी सोबत असावी. पेट्रोल आधीच्या गावात भरून घ्यावे, कारण उद्यानाच्या आसपास ५० किलोमीटरपर्यंत पंप नाही.

– टेक्सासमधील काही मराठी डोंगरभटके