संगीत विभागांना यंत्रांबरोबर ध्वनितंत्रज्ञही द्या

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

विद्यापीठांच्या अधिसभांपुढे अर्थसंकल्प मांडले जाण्याचा काळ जवळ येत आहे. इमारती, वसतिगृहे आणि विज्ञान प्रयोगशाळा यांच्या तरतुदींवर तेथे चर्चा होईल आणि ती व्हायलाच हवी. संगीत विभागाचा विषय आला की मात्र ही चर्चा वाद्यखरेदी व वाद्यदुरुस्ती यापलीकडे सहसा जात नाही. संगीत विभागांना ध्वनिमुद्रणाची आणि ध्वनिसंग्रहाची आधुनिक साधने मिळाली पाहिजेत, पण त्याही आधी ती साधने चालवणारा, सांभाळणारा आणि विद्यार्थ्यांना शिकवणारा पूर्णवेळ ध्वनितंत्रज्ञ मिळाला पाहिजे, ही मागणी आपल्या दैनिकामार्फत विद्यापीठ प्रशासन, अधिसभा सदस्य आणि उच्च शिक्षण विभाग यांच्यापुढे मांडावी, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

‘त्याही आधी’ हे शब्द मी जाणीवपूर्वक वापरले आहेत. मी ज्या विभागात शिकले, तेथे माझ्या विद्यार्थिदशेतच एका अनुदानातून ध्वनिमुद्रणाचा संच आला होता. त्यात मिक्सर होता, दोन कंडेन्सर माईक होते आणि स्पीकरची जोडी होती. खरेदी मार्चअखेरच्या घाईत, सर्वांत कमी दराच्या निविदेने झालेली होती. त्यामुळे माईक आले, पण त्यांना लागणारे स्टँड आले नाहीत आणि केबल आल्या त्याही निम्म्याच. कंडेन्सर माईकला मिक्सरमधून ४८ व्होल्टचा वीजपुरवठा द्यावा लागतो आणि त्यासाठी मिक्सरवर वेगळे बटण असते. ते बटण कशाचे, हे विभागात कोणालाच ठाऊक नव्हते. माईकमधून आवाज येईना, तेव्हा तो बिघडला असे समजून खोक्यात परत गेला. विभागातील शिक्षक उत्तम गाणारे आणि तळमळीने शिकवणारे होते, परंतु विद्युत उपकरणे हाताळण्याचे शिक्षण त्यांना कोणी दिलेले नव्हते आणि ते त्यांचे कामही नव्हते. मी पदवी घेऊन बाहेर पडले तेव्हा तो संच कुलूपबंद कपाटात होता, साठा नोंदवहीत मात्र तो दरवर्षी ‘सुस्थितीत’ म्हणून मोजला जात होता. नंतर इतर ठिकाणच्या सहकाऱ्यांशी बोलताना थोड्याफार फरकाने हीच हकिकत पुन्हा पुन्हा ऐकायला मिळाली, म्हणून येथे कोणा एका संस्थेचे नाव घेण्यात अर्थ नाही.

पदार्थविज्ञान किंवा रसायनशास्त्राच्या विभागाला प्रयोगशाळा सहायक आणि परिचर लागतात, हे शासनाने केव्हाच मान्य केलेले आहे. प्राध्यापकाने तास संपल्यावर स्वतः उपकरणे पुसावीत, जोडणी तपासावी आणि बिघाड काढावा, अशी अपेक्षा तेथे कोणी करत नाही. मग ध्वनी हाच ज्याचा कच्चा माल आहे, त्या संगीत विभागालाच ही सोय नाकारली जावी, याचे कारण मला आजवर कोणी समजावून सांगू शकलेले नाही. कित्येक ठिकाणी तर तबल्याचे आणि संवादिनीचे साथीदारही तासिका तत्त्वावर असतात, तेव्हा तंत्रज्ञाच्या पदाचा विचार फार दूरचा वाटतो. पण आपल्या सांगलीकरांना आकाशवाणी केंद्रामुळे हे चांगले ठाऊक आहे की स्टुडिओत गाणारा कलाकार वेगळा, कार्यक्रमाची आखणी करणारा अधिकारी वेगळा आणि काचेपलीकडे बसून ध्वनिमुद्रण करणारा वेगळा असतो. या तिघांपैकी एकाने तिन्ही कामे करावीत असे तेथे कोणी ठरवले असते, तर जे उत्तम संगीत आपण घरबसल्या ऐकले ते तसे ऐकायला मिळालेच नसते.

तंत्रज्ञ नेमून त्याला काम काय, असा प्रश्न अर्थसमितीत विचारला जातो, असे ऐकले आहे. केवळ जुन्या ध्वनिफितींचा विचार केला तरी या प्रश्नाचे उत्तर मिळते. सांगली, मिरज, सातारा, वाई, कुरुंदवाड अशा गावांत गणेशोत्सवात, देवळांत आणि संगीत मंडळांत झालेल्या मैफली रसिकांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर मुद्रित करून ठेवल्या. त्यांतल्या अनेक कॅसेट पुढे विभागांना आणि ग्रंथालयांना भेट म्हणून आल्या. आज त्या खोक्यांत पडून आहेत आणि आपल्या पावसाळ्यातील दमट हवेने फितीवर बुरशी धरत आहे. स्पूलवरच्या जुन्या फितींचा तर चुंबकीय थर सुटू लागतो, आणि तो एकदा सुटला की त्यावरचे गाणे कोणत्याही उपायाने परत मिळत नाही.

या कॅसेट संगणकावर घेणे म्हणजे एका बाजूला टेप लावून दुसऱ्या बाजूला बटण दाबणे, असा समज आहे. प्रत्यक्षात आधी फीत तपासावी लागते. टोकाला सुटलेली असेल तर जोडावी लागते, आणि आतला स्पंजचा तुकडा गळून पडला असेल तर फीत दुसऱ्या कवचात भरावी लागते. मग यंत्राचे हेड, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणारा भाग, अल्कोहोलच्या बोळ्याने पुसायचे आणि बारीक स्क्रूड्रायव्हरने त्या हेडचा कोन त्या विशिष्ट फितीशी जुळवून घ्यायचा, कारण ज्या यंत्रावर मूळ मुद्रण झाले त्याचा कोन थोडा वेगळा असू शकतो. हा कोन चुकला तर सर्वांत आधी वरच्या कंपनसंख्या जातात, म्हणजे तंबोऱ्याच्या जवारीचा (तार घोडीला स्पर्शून उठणारा) झंकार आणि तबल्याच्या चाटेवरच्या, म्हणजे कडेवरच्या, बोलांची धार. गाणे ऐकू येते, पण त्याचा प्राण हरवलेला असतो. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने अशा कामासाठी ९६ किलोहर्ट्झ आणि २४ बिट हा मुद्रणाचा दर्जा सुचवलेला आहे. त्या दर्जात दोन मार्गांचे (स्टीरिओ) एक तासाचे मुद्रण सुमारे २ जीबी जागा घेते. नव्वद मिनिटांच्या केवळ शंभर कॅसेट घेतल्या तरी त्या नुसत्या वाजवायलाच दीडशे तास लागतात, कारण हे काम दुप्पट वेगाने उरकून चालत नाही. त्यानंतर राग, ताल, बंदिशीचे शब्द, गायक, साथीदार, ठिकाण आणि तारीख यांची नोंद करायची, प्रत्येक फाइलच्या तीन प्रती करायच्या आणि त्यांतली एक दुसऱ्या इमारतीत ठेवायची. महापुराचा अनुभव घेतलेल्या सांगलीत ही शेवटची अट का महत्त्वाची आहे, हे वेगळे सांगायला नको. रागाची आणि बंदिशीची ओळख शिक्षकांनी पटवायची आणि यंत्राचे काम तंत्रज्ञाने करायचे, अशी जोडी असेल तरच हा संग्रह उभा राहतो. अन्यथा तो एखाद्या उत्साही विद्यार्थ्याच्या मोबाइलमध्ये सुरू होऊन तेथेच संपतो.

अध्यापनातही या साधनांचा उपयोग कमी नाही. ‘प्राट’ आणि ‘सॉनिक व्हिज्युअलायझर’ ही अनुक्रमे ॲमस्टरडॅम आणि लंडन येथील विद्यापीठांत तयार झालेली सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतात, तेव्हा त्यांच्यासाठी विद्यापीठाला एक रुपयाही खर्चावा लागणार नाही. विद्यार्थ्याने दरबारी कानड्यातला आंदोलित कोमल गंधार गाऊन तो मुद्रित केला, तर स्वर किती हलला, कोठून उचलला आणि कोठे विसावला, हे पडद्यावरच्या रेषेत दिसते. गुरूच्या गळ्यातला तोच गंधार त्याच्या शेजारी ठेवून पाहता येतो. परंतु हे सारे मूळ मुद्रण स्वच्छ असेल तरच शक्य आहे. शहाबादी फरशी, उघड्या भिंती आणि डोक्यावर गरगरणारा पंखा अशा वर्गखोलीत, भाषणासाठी आणलेल्या एकाच माईकवर गाणे, तंबोरा आणि तबला मुद्रित केला, तर रेषेत घुमणाऱ्या आवाजाचीच गर्दी होते. बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठाने २०११ मध्ये सुरू केलेल्या संशोधन प्रकल्पात हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीताच्या मुद्रणांचा असा संगणकीय अभ्यास झाला आणि त्यात मुंबईच्या आयआयटीचाही सहभाग होता. आपल्या रागांवर असे काम झाले याचा मला आनंदच आहे. पण ज्या भागात किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ राहिले, जेथे त्यांची समाधी आहे आणि जेथे उरुसात आजही कलाकार त्यांच्यापुढे हजेरी लावतात, त्या भागातील संगीताच्या विद्यार्थ्याला हे काम स्वतः करून पाहण्याची साधी सोयही नसावी, याची खंत वाटते.

संगीत ही गुरुमुखी विद्या आहे, यंत्रांनी ती कशी शिकवणार, असा आक्षेप काही ज्येष्ठ मंडळी घेतात. त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून सांगावेसे वाटते की यंत्राने गाणे शिकवावे अशी मागणी कोणीच करत नाही. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले ते पूर्णपणे गुरुमुखानेच. पुढे १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केल्यावर त्यांनी संगीताची पाठ्यपुस्तके काढली आणि विद्यालयाचा स्वतःचा छापखाना उभा केला. त्या काळी छपाई हेच हाती आलेले नवे तंत्रज्ञान होते, आणि ते बुवांनी नाकारले नाही. त्यासाठी वेगळी माणसे आणि वेगळा पैसा उभा करण्याची धडपडही त्यांनी केली. त्या परंपरेत वाढलेल्या आपल्या परिसराला ध्वनिमुद्रण परके वाटण्याचे काही कारण नाही.

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार कौशल्याधारित अभ्यासक्रमांना श्रेयांक मिळू लागले आहेत आणि भारतीय ज्ञान प्रणालीचा समावेशही अभ्यासक्रमात झाला आहे. संगीताचा पदवीधर मैफलीचा कलाकार होईलच असे नाही. त्यांतल्या अनेकांना आकाशवाणी, ध्वनिमुद्रण स्टुडिओ, नाटक आणि चित्रपट, ऑनलाइन अध्यापन अशा वाटा धराव्या लागतात. साधने आणि शिकवणारा माणूस नसताना या विषयांचे श्रेयांक दिले गेले, तर ती विद्यार्थ्यांची फसवणूक ठरेल.

खर्चाविषयी. सध्याचे बाजारभाव पाहता आठ मार्गांचा ऑडिओ इंटरफेस (माईकचा आवाज संगणकात घेणारे यंत्र), तीन-चार चांगले माईक, मॉनिटर स्पीकरची जोडी, एक सक्षम संगणक, दुरुस्त करून घेतलेली कॅसेट आणि स्पूलची यंत्रे, हार्ड डिस्क, यूपीएस आणि एका खोलीचे ध्वनिशोषक काम हे सारे माझ्या अंदाजाने आठ ते दहा लाख रुपयांत बसते. विद्यापीठाच्या एकूण अर्थसंकल्पात ही रक्कम मोठी नाही. ती ‘पीएम-उषा’सारख्या केंद्रीय योजनेतून मागता येईल. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते, आणि त्या कामांच्या यादीत कला व संस्कृतीचे जतन आणि पारंपरिक कलांचा विकास यांचा स्पष्ट उल्लेख आहे. मिरज आणि कुपवाडच्या औद्योगिक वसाहतींतील ज्या कंपन्यांना हे कलम लागू होते, त्यांच्याकडे विद्यापीठाने रीतसर प्रस्ताव घेऊन जावे. तंत्रज्ञाचे वेतन मात्र देणगीवर सोपवू नये. देणगी एका वर्षी मिळते आणि पुढच्या वर्षी थांबते, त्यामुळे हे पद मंजूर पदांच्या आकृतिबंधातच असायला हवे आणि त्याची तरतूद विद्यापीठाने व शासनाने करायला हवी. खरेदीच्या निविदेतही केवळ दर न पाहता केबल, स्टँड, जोडणी, प्रशिक्षण आणि पाच वर्षांची देखभाल यांची अट घालावी.

आणखी एक सूचना आहे. शिवाजी विद्यापीठाच्या स्थापनेपासून, म्हणजे १९६२ पासून, ज्या परिसराशी त्याचा संबंध आहे त्याच परिसरात मिरजेची तंतुवाद्ये बनवणारी गल्ली आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. विभागांतील तंबोऱ्यांच्या घोड्या झिजलेल्या, खुंट्या सैल झालेल्या आणि जवारी बसलेली असेल, तर जगातला उत्तम माईकही चांगला आवाज कोठून आणणार? जवारी काढणे हे कानावर आणि कानशीवर चालणारे काम आहे, आणि ते करणारी घराणी आपल्या दारात आहेत. त्यांच्याशी वार्षिक करार करून वर्षातून दोनदा प्रत्येक वाद्य तपासून घेतले, तर विभागाची वाद्ये बोलती राहतील आणि कारागिरांना हमीचे काम मिळेल. नव्या तंत्रज्ञाने त्यांच्याबरोबर बसून जुन्या आणि नव्या तंबोऱ्यांचे ध्वनिमुद्रण करून ठेवले, तर तो संशोधनाचाही मोलाचा साठा होईल.

या सगळ्याला वेळ लागणार आहे, याची जाणीव आहे. तोपर्यंत आपल्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी मैफलींच्या जुन्या कॅसेट किंवा स्पूल असतील, त्यांनी त्या रद्दीत देऊ नयेत, ही विनंती. त्या कोरड्या जागी, उन्हापासून आणि स्पीकरसारख्या चुंबकाच्या वस्तूंपासून दूर, कव्हरमध्ये उभ्या ठेवाव्यात. बुरशी धरलेली फीत घरच्या यंत्रात घालू नये. कोण गायले, साथीला कोण होते, कोठे आणि साधारण कोणत्या वर्षी, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून कागदावर लिहावे आणि तो कागद त्याच कव्हरमध्ये घालून ठेवावा.

आपली विश्वासू,
एक संगीत शिक्षिका,
विश्रामबाग, सांगली