विश्वस्तांनी भांडारात उतरावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वस्तुसंग्रहालयाच्या विश्वस्त मंडळावर कोणाची निवड झाली, याची बातमी छायाचित्रासह येते. नव्या दालनाची फीत कापली, त्याचीही येते. पुढे ही मंडळी तिथे काय काम करतात, हे वाचकांना सहसा कळत नाही. मी एका वारसा संग्रहालयाच्या नोंदणी विभागात उमेदीची सगळी वर्षे काढली आणि आता निवृत्त झालो आहे. माझी मागणी एकच आहे. प्रत्येक विश्वस्ताने वर्षातून निदान दोनदा दाखल नोंदवही घेऊन भांडारात, म्हणजे दालनात न मांडलेल्या वस्तू ठेवतात त्या कोठारात, उतरावे आणि वस्तूंची पडताळणी स्वतःच्या डोळ्यांनी करावी.

दाखल नोंदवही हा संग्रहालयाचा जन्ममृत्यूचा दाखला. वस्तू आली की तिला क्रमांक मिळतो: कोणत्या वर्षी आली, त्या वर्षातली कितवी भेट, त्या भेटीतली कितवी वस्तू. मग वस्तूच्या तळाशी किंवा पाठीमागे, सहज नजरेस पडणार नाही अशा जागी, पारदर्शक रेझिनचा बोटाच्या पेराहून लहान पट्टा ओढायचा. तो सुकला की बारीक टाकाने त्यावर क्रमांक लिहायचा आणि वरून आणखी एक थर द्यायचा. उद्या हा क्रमांक काढावा लागला, तर ॲसिटोनमध्ये भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने तो निघतो, वस्तूला धक्का लागत नाही. कापडावर शाई चालत नाही. तिथे सुती फितीवर क्रमांक लिहून ती फीत दोन सैल टाक्यांनी शिवायची. हे काम मी हजारो वेळा केले. फीत सुटली किंवा अक्षर पुसले गेले, की वस्तू फडताळावर असूनही हरवल्यात जमा होते. कोणी दिली, कुठून आली, कशासाठी जपली, काहीच सांगता येत नाही.

ब्रिटिश म्युझियमचे उदाहरण पाहा. 1963 च्या कायद्यानुसार तिथे 25 विश्वस्त असतात. संग्रह सुमारे 80 लाख वस्तूंचा, आणि एका वेळी मांडलेल्या असतात साधारण 80 हजार, म्हणजे शंभरातली एक. बाकीच्या 99 भांडारात. ऑगस्ट 2023 मध्ये संग्रहालयाने जाहीर केले, की भांडारातल्या काही वस्तू गहाळ झाल्या, चोरीला गेल्या किंवा त्यांची मोडतोड झाली. आकडा निघाला सुमारे 2000. त्यात सोन्याचे दागिने होते, कोरीव रत्ने होती, काचेच्या वस्तू होत्या. प्राचीन वस्तूंच्या एका जाणकार व्यापाऱ्याने 2021 मध्येच संग्रहालयाला सावध केले होते, पण त्याच्या इशाऱ्याकडे वेळीच लक्ष दिले गेले नाही. पुढे संचालक हार्टविग फिशर यांनी पद सोडले. सगळ्या वस्तूंची नीट नोंद झालेली नव्हती, हे विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष जॉर्ज ऑस्बोर्न यांनी मान्य केले. ज्या वस्तूची नोंदच नाही, ती चोरीला गेल्याचे सिद्ध तरी कसे करायचे? आता पाच वर्षांत 24 लाख नोंदी नव्याने चढवण्याचा किंवा सुधारण्याचा कार्यक्रम त्यांनी हाती घेतला आहे. 1753 साली स्थापन झालेल्या, जगभर नाव असलेल्या संस्थेची ही गत आहे. ज्यांच्याकडे नोंदणीला जेमतेम एक माणूस आहे, त्यांचे काय होत असेल?

विश्वस्तांनी दैनंदिन कामात ढवळाढवळ करू नये, असा आक्षेप यावर घेतला जातो. तो मला मान्य आहे. तांब्याच्या मूर्तीवर फिकट हिरवी भुकटी दिसू लागली तर काय करायचे, हे जतनतज्ज्ञाने ठरवावे. अध्यक्षांनी तिथे ब्रश हातात घेऊ नये. पण जाऊन पाहणे, विचारणे, मोजणे म्हणजे ढवळाढवळ नव्हे. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेची आचारसंहिता 1986 साली स्वीकारली गेली. संग्रहासाठी पुरेसा पैसा, सुरक्षित जागा आणि जाणते कर्मचारी मिळवून देण्याची जबाबदारी तिने नियामक मंडळावरच टाकली आहे. जी जागा कधी पाहिली नाही, तिच्यासाठी पैसा किती लागेल, हे मंडळाला कसे कळावे?

एक प्रसंग मला अजून छळतो. भांडाराच्या मागच्या भिंतीला ओल आली होती. हवेतली सापेक्ष आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली, की बुरशी धरायला लागते. माझ्या खोलीतला मापक 70 च्या वर दाखवत होता. मी टिपण दिले. विश्वस्तांच्या बैठकीत ते ऐनवेळच्या विषयांत गेले. त्याआधीचा बराच वेळ नव्या दालनाच्या भिंतींचा रंग ठरवण्यात गेला होता. इतिवृत्तात एक ओळ आली: ‘सदर विषय पुढील बैठकीत घ्यावा.’ पुढची बैठक तीन महिन्यांनी झाली. तोवर कापडावर रंगवलेल्या एका जुन्या नकाशाच्या डाव्या कोपऱ्यावर करडे ठिपके उमटले होते. बुरशी काढली, डाग राहिले. काही वर्षांनी, ज्यांनी तो नकाशा दिला त्यांची मुलगी आपल्या नातवाला घेऊन तो पाहायला आली. बाई बराच वेळ त्या कोपऱ्याकडे पाहत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, आणि मलाही काही सांगवले नाही.

वस्तू देणारा माणूस ती त्या वेळच्या अध्यक्षांना देत नाही, पुढच्या पिढ्यांना देतो. म्हणून पैशाची तंगी आली की संग्रहातल्या वस्तू विकायच्या, हा मार्ग मला पटत नाही. अमेरिकेतल्या बर्कशायर म्युझियमच्या विश्वस्तांनी 2017 मध्ये इमारतीचे नूतनीकरण आणि गंगाजळी यांसाठी 40 कलाकृती विकायला काढल्या. त्यांतली दोन चित्रे अमेरिकन चित्रकार नॉर्मन रॉकवेल यांनी स्वतः संग्रहालयाला दिलेली होती. त्यांची मुले विक्रीविरुद्ध न्यायालयात गेली. तरी शेवटी बऱ्याच कलाकृती विकल्या गेल्याच. वरची आचारसंहिता सांगते, की संग्रहातून वस्तू काढून मिळालेला पैसा संग्रहाच्याच भल्यासाठी वापरावा. छप्पर गळते म्हणून चित्र विकायचे नाही. छपरासाठी पैसा उभा करणे हे विश्वस्तांचे काम.

हे सारे जमू शकते, हेही मी पाहिले आहे. आमच्याकडे एक विश्वस्त बाई होत्या. महिन्यातून एकदा, न कळवता यायच्या. नोंदवही कुठेही उघडून पाच क्रमांक काढायच्या आणि त्या वस्तू दाखवा म्हणायच्या. मग उलटे करायच्या: फडताळावरच्या कोणत्याही पाच वस्तूंवर बोट ठेवून त्यांची नोंद शोधायला लावायच्या. दहा वस्तू, जेमतेम तासभर. पहिल्या खेपेला पाचांपैकी एक वस्तू सापडली नाही. आम्ही घाबरून गेलो. ती छायाचित्रणाच्या खोलीत निघाली. तिथे नेल्याची चिठ्ठी कोणी केलेली नव्हती. बाई रागावल्या नाहीत. वस्तू जागची हलली की तिच्या जागी तारीख आणि सहीची चिठ्ठी ठेवायची, एवढा नियम त्यांनी मंडळाकडून करून घेतला. त्यानंतर आमच्याकडून एकही वस्तू अशी नजरेआड झाली नाही. भांडारात आर्द्रता शोषणारे यंत्रही त्यांच्याच पाठपुराव्याने आले. नकाशाला मात्र उशीर झाला होता.

प्रत्येक संग्रहालयाने आपल्या वार्षिक अहवालात दोन आकडे छापावेत: या वर्षी किती वस्तूंची पडताळणी झाली, आणि त्यांतल्या किती सापडल्या नाहीत. देणगीदारांच्या यादीइतक्याच ठळक अक्षरांत. आणि हे पत्र एखाद्या विश्वस्तांच्या वाचनात आलेच, तर त्यांनी पुढच्या बैठकीला एक तास आधी पोहोचावे आणि भांडार उघडून द्यायला सांगावे.

आपला,
एक निवृत्त नोंदणी कर्मचारी