पाद्री टिळकांचे घर

महोदय,

९ मे हा रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा स्मृतिदिन. शालेय पुस्तकांमुळे ते 'फुलांमुलांचे कवी' म्हणून परिचित असले, तरी धर्मसेवक आणि कुटुंबवत्सल गृहस्थ म्हणून त्यांची आठवण फारशी निघत नाही. कोकणातील करजगाव येथे १८६१ साली जन्मलेल्या टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई आणि लहानगा दत्तू त्यांच्यापासून दुरावले. पुढे काही वर्षांनी लक्ष्मीबाई परतल्या, तरी टिळकांनी त्यांच्यावर धर्मांतराची सक्ती केली नाही. लक्ष्मीबाईंनी १९०० साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो स्वतःच्या विचाराने. धर्मप्रचारकाच्या अंगी असा संयम क्वचितच आढळतो, असे मला वाटते.

ख्रिस्तभक्ती मराठी मातीत रुजावी म्हणून त्यांनी रचलेले अभंग आणि भजने आजही मराठी चर्चमध्ये गायिली जातात. पोरक्या मुलांना त्यांच्या घरी आसरा मिळे आणि बालकवी ठोंबरेही तेथे घरच्या मुलासारखे राहिले. या उदारपणाचा भार अर्थातच लक्ष्मीबाईंच्या संसारावर पडे, हे त्यांच्या 'स्मृतिचित्रे'तून स्पष्ट दिसते. १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून टिळकांनी 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ उभारण्याचा ध्यास घेतला आणि दोन वर्षांतच ते निवर्तले. त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्ताच्या जीवनावरील महाकाव्य लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.

— एक वाचक, अहिल्यानगर