जुन्या रेडिओला गिटार जोडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत गिटारच्या सरावासाठी घरी छोटा अ‍ॅम्प्लिफायर कसा बनवावा यावर लेख होता. मी तो पुरवणीत वाचला नाही, कात्रणच माझ्या दुकानात चालत आलं. चिपळुणात माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. कॉलेजातला एक मुलगा एका हातात ते कात्रण आणि काखेत आजोबांचा लाकडी पेटीचा व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा, रेडिओ घेऊन आला. "काका, मागे ग्रामोफोनच्या पिकअपचं सॉकेट आहे. त्यात गिटार लागेल अशी वायर करून द्या." लेखाच्या शेवटी तसा सल्लाच आहे: एवढा खटाटोप नको असेल तर घरातल्या जुन्या रेडिओला गिटार जोडा, काम होतं.

मी वायर करून दिली नाही. का दिली नाही ते लिहितो, कारण आपला पेपर घरोघर जातो आणि असे रेडिओ कोकणात अजून पुष्कळ माळ्यांवर आहेत.

त्या सेटचं मागचं पुठ्ठं काढलं तर आत यूसीएच 81, यूएल 84, यूवाय 85 असे व्हॉल्व्ह. नंबराची सुरुवात 'यू'ने झाली की जुन्या मेकॅनिकला पुढचं बघावं लागत नाही. हा एसी-डीसी सेट. त्याला मेनचा ट्रान्सफॉर्मर नसतो, व्हॉल्व्हचे हीटर एकामागोमाग एक जोडून सरळ मेनवर टाकलेले असतात आणि मेनची एक तार थेट चॅसीला, म्हणजे आतल्या पत्र्याच्या सांगाड्याला, गेलेली असते. टू-पिन प्लग एका बाजूने लावला तर चॅसीवर न्यूट्रल, उलटा लावला तर फेज. म्हणजे 230 व्होल्ट. रेडिओ म्हणून हे चालून जायचं, कारण पेटी लाकडाची, बटणं बॅकेलाइटची, हात धातूला लागतच नव्हता. अशा काही सेटांत पिकअपच्या सॉकेटला मध्ये कंडेन्सर घालून संरक्षण दिलेलं असतं हे खरं. पण तो कागदी कंडेन्सर आज पन्नास-साठ वर्षांचा आहे, आणि आपल्याकडचा पावसाळा त्याने दर वर्षी खाल्लेला आहे. तो गळका नसेल तरच नवल.

आता गिटारकडे बघा. इलेक्ट्रिक गिटारच्या स्टीलच्या तारा ब्रिजमधून आतल्या ग्राउंडला जोडलेल्या असतात. घुर्र आवाज कमी व्हावा म्हणून मुद्दामच. तेच ग्राउंड वायरच्या जाळीतून अ‍ॅम्प्लिफायरच्या चॅसीला जातं. मग चॅसीवर जे असेल ते तारांवर, आणि तारांवर दोन्ही हात. पाय लादीवर, तेही बहुधा अनवाणी. घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवलेला असेल तर तो बहुतेक वेळा वाचवेल, पण जुन्या घरांत तो किती जणांकडे आहे?

'ई'ने सुरू होणारे व्हॉल्व्ह असले, ईएल 84 वगैरे, तर सेटला सहसा ट्रान्सफॉर्मर असतो. तरी निर्धास्त राहू नये. काही सेटांत ऑटो-ट्रान्सफॉर्मर असतो, आणि तो व्होल्टेज बदलतो पण मेनपासून सुटका करत नाही. बाहेरून बघून हे कळत नाही. म्हणून सरसकट सांगतो, व्हॉल्व्हच्या कुठल्याही जुन्या रेडिओला गिटार लावू नका.

बाकी लेख चांगला आहे, हे मनापासून. मुलांच्या हातात सोल्डरिंग आयर्न जावं असं लिहिणारे आता फार उरले नाहीत. एलएम 386 ही आयसीही योग्य निवडली आहे. आठ पायांची, स्वस्त, 4 ते 12 व्होल्टवर चालणारी, 9 व्होल्टवर 8 ओहमच्या स्पीकरला अर्धा वॉट सहज देणारी. अर्ध्या वॉटने काय होणार, असं त्या मुलानेही विचारलं. खोलीत सरावाला भरपूर होतो. दहापट वॉट केले तरी कानाला आवाज दुपटीच्या आसपासच मोठा वाटतो, त्यामुळे वॉटांमागे पळण्यापेक्षा चांगला स्पीकर शोधावा.

पण छापलेली आकृती आयसीच्या माहितीपत्रकातून उचललेली दिसते, आणि ती गिटारसाठी काढलेलीच नाही. तिच्यात गिटार थेट 10 किलो-ओहमच्या व्हॉल्यूमवर येते. गिटारचा पिकअप म्हणजे चुंबकाभोवती बारीक तारेचे हजारो वेढे. मीटरवर तो 6-8 किलो-ओहम दाखवतो, पण त्याचं इंडक्टन्स दोन-चार हेन्री असतं. 3 हेन्री धरले तर 3 किलोहर्ट्झला त्याचा अडथळा 56 किलो-ओहमच्या घरात जातो. त्याच्यापुढे 10 किलो-ओहमचा बोजा ठेवला की वरचे सूर जागच्या जागी मरतात आणि गिटार गोधडीखाली वाजल्यासारखी येते. मुलं मग स्पीकर बदलतात, आयसी बदलतात आणि शेवटी कंटाळून डबा माळ्यावर टाकतात.

उपाय एका एफईटीचा. हा एक प्रकारचा ट्रान्झिस्टर; गेट, ड्रेन आणि सोर्स हे त्याचे पाय. बीएफडब्ल्यू 10 हा कॉलेजच्या लॅबमध्ये हमखास सापडतो, नाहीतर एमपीएफ 102 घ्यावा. गिटार गेटला, गेटवरून ग्राउंडला 1 मेगा-ओहम, ड्रेन सरळ 9 व्होल्टला, सोर्सवरून ग्राउंडला 10 किलो-ओहम. सोर्सवरून 1 मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरमधून व्हॉल्यूमला, तिथून आयसीच्या 3 नंबरच्या पायाला. बीएफडब्ल्यू 10 ला चार पाय असतात. चौथा नुसता त्याच्या धातूच्या टोपीला जोडलेला असतो, तो ग्राउंडला लावावा. एवढं केलं की बारीक तारांचा टणत्कार परत येतो.

आकृतीत आयसीच्या 5 नंबरच्या पायावरून ग्राउंडला जाणारी 10 ओहम आणि 0.047 मायक्रोफॅरडची जोडी गाळली आहे. जागा वाचवायला गाळली असेल, पण ती नसली तर आयसी कानाला ऐकू न येणाऱ्या फ्रिक्वेन्सीवर ऑसिलेट होऊ, म्हणजे आपणहून थरथरत राहू शकते. आवाज फाटका येतो, बोट लावलं तर आयसी गरम. तसाच आयसीला अगदी चिकटून सप्लायवर 100 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर हवा. स्पीकरचं ग्राउंड आणि गिटारचं ग्राउंड वेगवेगळ्या रस्त्याने आणून एकाच ठिकाणी मिळवावं, नाहीतर व्हॉल्यूम चढवला की कुई सुरू होते. 1 आणि 8 नंबरच्या पायांमध्ये 10 मायक्रोफॅरड घातला तर गेन, म्हणजे सिग्नल जितक्या पटीने वाढतो ते प्रमाण, 20 चा 200 होतो. मुलांना तो घालायचाच असतो, फाटका आवाजच आवडतो त्यांना. मग निदान स्विचवर घाला, शेजारी पण माणसंच आहेत.

सप्लायसाठी लेखात मोबाइल चार्जर किंवा बारा व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर म्हटलं आहे. हलक्या टू-पिन चार्जरमधून चॅसीवर थोडी गळती येते, तारांना हात लावला की मुंग्या येतात, आणि इन्सुलेशन निकृष्ट असेल तर मुंग्यांवर थांबत नाही. मुलांनी बॅटरीवरच बनवावा. 9 व्होल्टचा चौकोनी सेलही नको, तो मोठ्या आवाजाला दम टाकतो. सहा पेन्सिल सेलचं होल्डर घ्या, तेही 9 व्होल्टच आणि टिकाऊ. इनपुटला मोनोऐवजी स्टिरिओ सॉकेट लावून बॅटरीची उणे तार मधल्या रिंगला दिली तर गिटारची पिन काढली की बॅटरी आपोआप बंद होते. वेगळा स्विच लागत नाही, आणि रात्रभर चालू राहून सेल संपल्याची तक्रारही येत नाही.

स्पीकरसाठी मात्र जुना रेडिओ जरूर फोडावा, प्लग काढून ठेवून. फक्त आमच्याकडे एक गोष्ट बघून घ्यावी लागते. 22 जुलै 2021 च्या पुरात बुडालेले सेट अजून भंगारात फिरतात आणि वरून ते धुऊन पुसून चकचकीत असतात. स्पीकर हातात घेऊन कोनाच्या (कागदी पडद्याच्या) दोन्ही बाजूंना दोन अंगठे ठेवावे आणि अगदी हलकेच समान दाबावं. कोन गुपचूप आत-बाहेर झाला तर ठीक. आतून वाळू घासल्यासारखी खरखर आली तर कॉइलच्या फटीत गाळ बसला आहे किंवा गंज चढला आहे, तो घेऊ नये. मीटरवर 8 ओहमचा स्पीकर साधारण साडेसहा-सात दाखवतो, त्याने गोंधळू नये. जुन्या सेटांतले काही स्पीकर 3-4 ओहमचेही निघतात, ते या आयसीवर ताण देतात.

त्या मुलाचं सर्किट आता झीरो पीसीबीवर (भोकांच्या तयार पट्टीवर) चढलं आहे, सोल्डर त्यानेच मारलं. त्याचे आजोबा रेडिओ परत न्यायला आले तेव्हा मी प्लग कापूनच दिला. ते थोडे नाराज झाले, पण कारण सांगितल्यावर त्यांनीच पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत 'लावू नये' असं लिहून टाकलं.

माझी विनंती एवढीच, की रेडिओबद्दलची दुरुस्ती येत्या रविवारी त्याच पानावर, ठळक अक्षरांत छापावी. खालच्या कोपऱ्यातल्या चौकटीत नको, तिथे कोणी बघत नाही. सुधारलेली आकृती वेगळ्या कागदावर काढून सोबत जोडली आहे. छापताना 0.047 मधला दशांशाचा टिंब जाणार नाही एवढं मात्र बघावं.

आपला,
एक रेडिओ मेकॅनिक, चिपळूण