गच्चीखालची संत्री

महोदय,

रविवारच्या पुरवणीतलं पॅरिस सहलीचं वर्णन वाचलं. व्हर्साय राजवाड्याचा आरसे महाल, कारंजी, तिकिटाची रांग, सगळं आलं. तिथल्या ऑरेंजरीला, म्हणजे संत्र्याच्या झाडांच्या हिवाळी घराला, मात्र दीड ओळ, तीही चुकीची: ‘राजाला ताजी संत्री खाता यावीत म्हणून बांधलेलं काचघर’. मी संत्र्याचा बागाईतदार, म्हणून राहवलं नाही.

एक तर ते काचघर नव्हे. आर्दुआँ-माँसार या वास्तुकारानं १६८४ ते १६८६ या काळात बांधलेलं ते दगडी दालन आहे, दीडशे मीटरहून लांब. राजवाड्याच्या दक्षिणेच्या ज्या गच्चीवर सगळे फोटो काढतात, तिच्या पोटातच ते आहे. पाठीला माती, तोंड दक्षिणेला, त्यामुळं हिवाळ्याचं तिरपं ऊन मोठमोठ्या खिडक्यांतून आत येतं. तेवढ्यावर झाडं गारठ्यातून तगतात.

दुसरं, तिथली बहुतेक संत्री कडू जातीची. राजा चौदाव्या लुईला हवा होता तो फुलांचा वास आणि थाट. आरसे महालात ही झाडं चांदीच्या कुंड्यांत ठेवत. १६८९ मध्ये लढाईच्या खर्चासाठी ती चांदी वितळवली. काही झाडं तर दुसऱ्याच्या बागेतली: अर्थखातं सांभाळणाऱ्या फुकेला १६६१ मध्ये तुरुंगात टाकल्यावर त्याच्या बागेतली झाडं राजानं उचलून आणली. (आमच्याकडं बांधावरून भांडणं होतात, झाडं कुणी नेत नाही.)

मे महिन्याच्या मध्यात हजाराहून अधिक झाडं पेट्यांसकट बाहेर येतात आणि आखीव हिरवळीभोवती, गोल हौदाच्या बाजूनं रांगेत उभी राहतात. ऑक्टोबरात परत आत. आमच्या टूरवाल्यानं दहा मिनिटं दिली. ती मी एका पेटीपाशी घालवली. लोखंडी चौकट, लाकडी फळ्या, आणि बाजू उघडता येते. झाड न उपटता मुळं छाटायची, माती बदलायची. काही झाडं दोनशे वर्षांपुढची आहेत म्हणे. माझी जंबेरी या लिंबाच्या जातीच्या खुंटावरची कलमं पंचविशीतच थकली, डिंक्या रोगानं काही तर त्याआधीच.

पुढच्या वेळी त्या पेटीचा फोटो छापा. कठड्यावरच्या सेल्फीपेक्षा आम्हाला तो जास्त कामाचा.

– एक वाचक, वरूड (जि. अमरावती)