वाहनगणनेत गणपतीचे दिवस हवेत

मा. संपादक,

महामार्गावरील वाहनगणना वर्षातून दोनदा, सलग ७ दिवस आणि चोवीस तास घ्यावी, असे इंडियन रोड्स काँग्रेस या महामार्ग अभियंत्यांच्या संस्थेचे मानक सांगते. मात्र मुंबई-गोवा महामार्गावर खरी गर्दी गणेशचतुर्थीच्या आधीच्या मोजक्या दिवसांत उसळते आणि ते दिवस गणनेत आले नाहीत, तर ती सरासरीत दिसतच नाही. आमच्या नाक्यावर टपरीच्या आडोशाला बसून चार उभ्या रेघांवर पाचवी आडवी मारणारा गणक मी पाहिला आहे. भर पावसात, रात्री दोनला ट्रक कोणता आणि ट्रेलर कोणता, हे त्याने कसे ओळखावे? नियोजनात ट्रक ३, तर ट्रेलर ४.५ मोटारींइतका धरतात. त्यामुळे ही चूक थेट रुंदीकरणाच्या हिशेबात उतरते. गणपतीत स्वतंत्र गणना घ्यावी, रात्रपाळीला दोन गणक द्यावेत आणि आकडे नाक्यानिहाय प्रसिद्ध करावेत, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, चिपळूण