गेमचे परीक्षण की कंपनीचे पत्रक?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत अलीकडे व्हिडिओ गेमच्या बातम्या नियमित येऊ लागल्या, त्याबद्दल आधी आभार. बुधवार पेठेत माझे गेम आणि कन्सोलचे (म्हणजे गेम खेळायच्या यंत्रांचे) छोटे दुकान आहे. या विषयाला मराठी वृत्तपत्राने जागा द्यावी, असे मला आणि माझ्या गिऱ्हाइकांना फार दिवसांपासून वाटत होते. पण गेल्या काही रविवारी जे छापून आले, त्यामुळे हे पत्र लिहावे लागत आहे. त्यातला बराचसा मजकूर कंपन्यांच्या प्रसिद्धीपत्रकातला आहे. ही पत्रके आम्हा विक्रेत्यांनाही येतात, म्हणून ती विशेषणे आणि तो क्रम मला लगेच ओळखू येतो.

याचा परिणाम मी काउंटरवर पाहतो. परवा एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. हातात आपल्या पुरवणीचे कात्रण होते. “पेपरात एवढं चांगलं लिहिलंय, हाच बुक करा,” म्हणाले. तो गेम तेव्हा बाजारात आलाही नव्हता. ज्याने ते लिहिले, त्याने तो खेळलेला असण्याची शक्यता फारच कमी होती. नव्या गेमला आज चार-पाच हजार रुपये पडतात आणि पाकीट एकदा फोडले की आम्ही तो परत घेत नाही. मध्यमवर्गीय घरात ही रक्कम मुलाला वर्षातून एखाद्याच वेळी मिळते.

गेमवर लिहिणारे आणि गेम करणाऱ्या कंपन्या यांचे नाते जगभर अवघड राहिले आहे. त्यामागे एक साधे कारण आहे. सिनेमाचा समीक्षक शुक्रवारी पहिल्या खेळाचे तिकीट काढतो, अडीच-तीन तासांत बाहेर येतो आणि शनिवारी त्याचे परीक्षण छापून येते. त्याला निर्मात्याचे उपकार घ्यावे लागत नाहीत. मोठा गेम संपवायला तीस, चाळीस, कधी साठ तास लागतात. बाजारात येईल त्या दिवशी परीक्षण वाचकापुढे ठेवायचे, तर प्रत दोन-तीन आठवडे आधी हातात हवी. ती फक्त कंपनीच देऊ शकते, आणि देताना अटी घालते. अमुक वाजेपर्यंत छापायचे नाही, अमुक भाग दाखवायचा नाही. न पटणारे लिहिले, तर पुढच्या वेळी प्रत येईलच असे नाही. आणि परीक्षण छापणाऱ्या संकेतस्थळाला जाहिरातींचे पैसेही बहुधा त्याच कंपन्यांकडून येतात.

२००७मध्ये काय झाले ते पाहा. गेमस्पॉट या गेमविषयक अमेरिकी संकेतस्थळाचा संपादक जेफ गर्स्टमन याने ‘केन अँड लिंच’ या गेमला दहापैकी सहा गुण दिले. त्या वेळी त्याच संकेतस्थळावर त्याच गेमच्या मोठ्या जाहिराती चालू होत्या. थोड्याच दिवसांत त्याची नोकरी गेली. कारण सांगायला त्याला करारामुळे मनाई होती. २०१२मध्ये त्याचे नवे संकेतस्थळ आणि गेमस्पॉट एकाच मालकाकडे आले, तेव्हा कुठे ती अट सुटली आणि जाहिरातदारांच्या नाराजीपुढे व्यवस्थापन कसे वाकले, हे त्याने उघड सांगितले. म्हणजे वाचकाला खरे कळायला चार वर्षांहून अधिक काळ गेला.

२०१५मध्ये कोटाकू या गेमविषयक संकेतस्थळाचा तेव्हाचा संपादक स्टीफन टोटिलो याने वाचकांना जाहीरपणे सांगितले की बेथेस्डा आणि युबिसॉफ्ट या दोन मोठ्या कंपन्यांनी आपल्याशी बोलणेच बंद केले आहे. ना प्रती, ना निमंत्रणे, ना प्रश्नांना उत्तरे. कारण काय, तर ‘फॉलआउट’ आणि ‘असॅसिन्स क्रीड’ या मालिकांच्या न आलेल्या गेमची माहिती कोटाकूने कंपनीच्या आधी छापली होती. ती माहिती खोटी होती असे कोणी म्हटले नाही. खरी बातमी दिल्याची ती शिक्षा होती. तरीही कोटाकूने त्या कंपन्यांच्या गेमवर लिहिणे थांबवले नाही, याचे मला फार मोल वाटते.

आणि डिसेंबर २०२०मधला ‘सायबरपंक २०७७’ तर प्रत्येक संपादकाने लक्षात ठेवावा असा आहे. परीक्षकांना आधी फक्त संगणकावरची प्रत मिळाली. स्वतः खेळताना टिपलेली दृश्ये दाखवायला मनाई होती, कंपनीने दिलेलीच दाखवायची. प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या जुन्या कन्सोलवरची प्रत बहुतेकांना आधी पाहायलाच मिळाली नाही. पहिली परीक्षणे उत्तम आली. मग १० डिसेंबरला गेम लोकांच्या हाती गेला आणि जुन्या कन्सोलवर तो अडकू लागला, बंद पडू लागला. आठवडाभरात प्लेस्टेशन बनवणाऱ्या सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला आणि पैसे परत देऊ केले. पुढे कंपनीने तो बराच सुधारला, हेही खरे. पण पहिल्या दिवशी पैसे मोजणाऱ्याला सावध करणे हे परीक्षकांचे काम होते आणि त्या अटी मान्य केल्यामुळे ते त्यांना करता आले नाही.

कंपनीकडून प्रत घेणे हे पाप आहे, असे माझे म्हणणे नाही. कंपनीचा जनसंपर्क अधिकारी त्याची नोकरी करतो, आणि गेम बनवणाऱ्यांशी बोलल्याशिवाय चांगले लिहिता येत नाही. लपवणे मात्र चूक आहे. २००९च्या विधानसभा निवडणुकीनंतर पेड न्यूजवरून केवढा वाद झाला, हे महाराष्ट्रातल्या वाचकांना आठवत असेल. उमेदवाराची जाहिरात बातमी म्हणून छापणे गैर, तर गेमच्या बाबतीत ते चालते कसे? पैसे किंवा भेट घेऊन समाजमाध्यमांवर शिफारस करणाऱ्यांनी ते स्पष्ट सांगावे, असे जाहिरात मानक परिषदेने २०२१मध्ये आणि केंद्राच्या ग्राहक विभागाने २०२३मध्ये सांगितले. व्हिडिओ टाकणाऱ्या विशीतल्या पोराकडून आपण जी अपेक्षा करतो, तिच्यापेक्षा वृत्तपत्राकडून कमी अपेक्षा कशी करायची?

हा विषय पुण्याचाही आहे, पण आपल्या पानांतून तसे जाणवत नाही. युबिसॉफ्टचा स्टुडिओ या शहरात आहे. सप्टेंबर २०२०मध्ये ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ची नवी आवृत्ती जाहीर झाली, तेव्हा तिचे काम पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होते. ट्रेलरवर जगभरातून टीका झाली, तारखा पुढे गेल्या आणि मे २०२२मध्ये काम कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या स्टुडिओकडे गेले. आपल्या शहरातल्या मुलामुलींच्या हातून एवढे मोठे काम गेले, आणि ते का गेले याची मराठीतली एकही खोलवरची बातमी माझ्या वाचनात आली नाही. मला जे कळले, ते परदेशी संकेतस्थळांवरून.

उलट बाजूचे उदाहरण ‘राजी’चे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला हा गेम २०२०मध्ये आला. भावाला शोधत असुरांशी लढणारी मुलगी, राजस्थानी वास्तुशैली, पहाडी लघुचित्रांचा प्रभाव. त्याच वर्षी तो ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या विभागात नामांकित झाला. त्याचे खरे, सविस्तर परीक्षण मराठीत यायला हवे होते, आणि ते करताना पुण्याचा म्हणून हात आखडता घ्यायला नको होता. माझ्या मते त्यातली गोष्ट फार अचानक संपते. हे लिहिल्याने त्या मंडळींचा अपमान होत नाही. आपल्या गावचा म्हणून नुसती पाठ थोपटली, तर त्या कौतुकावर बाहेरचा कोणी विश्वास ठेवणार नाही.

गुणांमध्ये कामगारांची पोटेही अडकलेली असतात, हेही आपल्या परीक्षकाला माहीत असावे. ‘फॉलआउट: न्यू वेगास’ करणाऱ्या ऑब्सिडियन कंपनीला मेटाक्रिटिकवर (हे संकेतस्थळ सगळ्या परीक्षणांच्या गुणांची सरासरी काढते) ८५ गुणांची सरासरी मिळाली, तरच बोनस मिळणार होता. मिळाले ८४. हा दोष परीक्षकांचा नव्हे, असा करार करणाऱ्यांचा आहे. पण आपण दिलेला आकडा कुठे जाऊन पोहोचतो, हे ठाऊक असेल तर माणूस तो जपून देतो.

माझी विनंती एवढीच आहे. गेम बाजारात आल्यावर आठ-दहा दिवस थांबा. परीक्षण उशिरा आले तरी चालेल, वाचक थांबतील. पुण्यात गेम जाणणारे आणि चांगले मराठी लिहिणारे तरुण पुष्कळ आहेत, त्यांना योग्य मानधन देऊन लिहायला सांगा. परीक्षणाखाली एक ओळ छापा: प्रत विकत घेतली की कंपनीने दिली, आणि दिली असेल तर कोणत्या अटींवर. प्रसिद्धीपत्रक छापायचेच असेल, तर वर ‘कंपनीने कळवले आहे’ असे लिहा.

वर्षाला दहा-बारा गेम घेण्याचा खर्च आपल्या वृत्तपत्राला जड नाही. या प्रती मी माझ्या दुकानातून आनंदाने दिल्या असत्या, पण त्याही आपण घेऊ नयेत, कारण विक्रेता याच धंद्यातला आहे. कोणत्याही दुकानातून घ्या आणि पावती घ्या.

आपला,
एक नियमित वाचक व गेमविक्रेता,
बुधवार पेठ, पुणे